मुलांची शाळा आणि आईबापांचा शब्द



आमच्या कामाची जुनी टिपणे चाळताना एक ओळ मला वारंवार भेटते: ‘पालकांच्या अनास्थेमुळे मुलाने शाळा सोडली.’ कुठे मूल वेगळे, कुठे वर्ष वेगळे, पण ओळ तीच. अक्षर बहुतेक ठिकाणी माझेच आहे. अहवालाच्या शेवटच्या रकान्यात ती लिहिली की पान पुरे होते आणि देणगीदारांना द्यायचे उत्तरही तयार होते. या अंकातील अभ्यासासाठी मी तीच ओळ घेतली आहे, कारण त्यातली एक तरी ओळ खोटी होती हे आता मला माहीत आहे.

लोणंदच्या शिवारात एका मळ्याच्या कडेला पारधी समाजाची चार-पाच पालं होती. बाया कांद्याच्या वखारीत निवडायला जात, कांदा निघाला की काटणीला जात. पुरुष मिळेल ते काम करत. त्यातल्या एका घरातली आठ वर्षांची मुलगी दिवसभर धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरायची. आमच्या मनाने तिथेच निकाल दिला की या मुलीला इथून बाहेर काढले पाहिजे. दुसऱ्या जिल्ह्यातील एका निवासी शाळेत जागा होती. अर्ज आम्ही भरला, फोटो आम्ही काढले, दाखल्यासाठी हेलपाटे आम्ही घातले. बापाने अंगठा दिला. कागदावर काय लिहिले आहे ते त्याला कुणी वाचून दाखवले नव्हते. घाई होती, मुदत संपत होती, आणि खरे सांगायचे तर वाचून दाखवावे असे कुणाच्या डोक्यातही आले नाही.

जूनमध्ये मुलगी गेली. दिवाळीच्या आधी बाप तिला भेटायला गेला. एसटी बदलत, शेवटचे अंतर पायी चालत तो पोहोचला, तर फाटकावर कळले की आज भेटीचा दिवस नाही. रात्र त्याने स्टँडवर काढली. पारध्याने परगावच्या स्टँडवर रात्र काढणे म्हणजे काय, हे ज्यांनी या समाजात काम केले आहे त्यांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे भेट झाली. संक्रांतीच्या सुमारास तो पुन्हा गेला आणि मुलीला घेऊनच आला. आम्ही वहीत ती ओळ लिहिली.

पुढे पावसाळ्यात एकदा मी त्यांच्या पालावर बसले होते. बोलण्याच्या ओघात मी विचारले, “एवढी चांगली शाळा होती, का आणली परत?” मुलीची आई चुलीतले लाकूड सारत म्हणाली, “ताई, तुम्ही आम्हाला विचारलं कुठं होतं? तुम्ही सांगितलं होतं.”

मी उत्तर दिले नाही. तिला शाळा नको होती का? नाही, शाळा हवी होती. पण मुलगी संध्याकाळी डोळ्यांना दिसेल अशी हवी होती. धाकटा भाऊ कुणाकडे ठेवायचा हा दुसरा प्रश्न होता आणि त्यावर आमच्यापैकी कुणी अवाक्षर काढले नव्हते. तिथून अर्ध्या तासाच्या वाटेवर अंगणवाडी होती. मुलाला तिथे घातले असते तर मुलगी जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ शकली असती. ही वाट आईला दिसत होती, आम्हाला दिसली नाही, कारण आम्ही तिला विचारलेच नाही.

या विषयाचा अभ्यास करायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. लोणंद ज्या खंडाळा तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. ३ जानेवारी १८३१ चा त्यांचा जन्म. वडील खंडोजी नेवसे गावचे पाटील. चरित्रांतून एक आठवण सांगितली जाते, आणि तिच्यात शिरवळचा बाजार आहे, म्हणून ती आम्हा इकडच्या लोकांना अधिक जवळची वाटते. लहानपणी शिरवळच्या बाजारात सावित्रीला मिशनरी मंडळींकडून एक पुस्तक मिळाले. ते घेऊन ती घरी आली, तेव्हा वडिलांनी ते भिरकावून दिले. मुलीने ते गुपचूप उचलून जपून ठेवले आणि पुढे सासरी जाताना सोबत नेले. ही गोष्ट आपण मुलीच्या बाजूने सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण क्षणभर बापाच्या बाजूने पाहा. बाजारात अनोळखी माणसाने त्याच्या लेकीच्या हाती काहीतरी दिले. ते काय आहे, का दिले, कुणी त्याला विचारले नव्हते, समजावलेही नव्हते. देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण पुस्तक बापाला ओलांडून मुलीकडे गेले होते. पुढे तिच्या शिक्षणाची खरी सुरुवात झाली ती नवऱ्याच्या घरी, घरच्याच माणसाकडून.

दुसरा बाप गोविंदराव फुले. मूळ गाव कटगुण, तेही सातारा जिल्ह्यातलेच, खटाव तालुक्यात. पुण्यात त्यांचा फुलांचा व्यवसाय होता, शेती होती. त्यांनी जोतिरावांना मराठी शाळेत घातले. मग त्यांच्या दुकानातील एका कारकुनाने मनात भरवले की शिकलेला मुलगा शेतीच्या कामाचा राहत नाही. गोविंदरावांनी मुलाचे नाव काढले आणि त्याला मळ्यात कामाला लावले. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘पालकांची अनास्था’. पण त्यांची अडचण बघा. घरात दुसरा कामाचा हात हवा होता, आई मुलाच्या लहानपणीच वारली होती, आणि ज्याला लिहितावाचता येते असा रोज भेटणारा माणूस सांगत होता की शिकवू नका. ज्याच्या शब्दावर विश्वास, त्याचे त्यांनी ऐकले. आपण सगळेच तसे करतो.

मग पुन्हा शाळा कशी सुरू झाली? शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी मुलाची हुशारी पाहिली, आणि ते गोविंदरावांशी बोलले. घरात सगुणाबाई क्षीरसागर होत्या. जोतिरावांना त्यांनी वाढवले होते, आणि एका मिशनऱ्याच्या घरी मुले सांभाळण्याचे काम केल्याने शिक्षणाने काय होते हे त्यांनी जवळून पाहिले होते. १८४१ मध्ये जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. आपल्या मंडळीत ही हकीगत सांगताना आपण ‘मिशनच्या शाळेने फुले घडवले’ एवढेच सांगून थांबतो. त्यात आपल्याला थोडा अभिमानही वाटतो, वाटू द्या. पण शाळा तर आधीपासून होतीच. दार उघडले ते मुन्शींनी आणि लिजिट साहेबांनी, आणि तेही मुलाला उचलून नव्हे, बापाच्या ओट्यावर बसून. निर्णय फिरवला तो गोविंदरावांनीच. पुढे १८४९ मध्ये लोकांच्या दडपणाखाली याच गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर जायला सांगितले, हेही विसरू नये. आईबापांचा निर्णय एकदा मिळाला म्हणजे काम झाले असे होत नाही. त्यांच्यावरचे दडपण उठत नाही तोवर त्यांच्यासोबत राहावे लागते.

बापाने मुलाला मळ्यात का लावले, हे जोतिराव कधी विसरले नसावेत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. पण त्याच निवेदनात त्यांनी हेही मांडले की गरीब शेतकऱ्यांची मुले शाळेत येत नाहीत याचे कारण दारिद्र्य आहे. गुरे राखायला आणि शेत बघायला घरी त्यांची गरज असते. म्हणून त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे ठेवावीत असे त्यांनी सुचवले. सक्ती मागताना घराच्या चुलीचाही विचार करणारा तो माणूस होता. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळात, त्या राजाच्या हातून, तो दंड न्यायाचा होता असे मला वाटते, कारण दंडाबरोबर शाळा आणि वसतिगृहे उभी राहत होती.

आजचा कायदा मात्र दंडाचा नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा असून १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्यातला ‘सक्ती’ हा शब्द ऐकून अनेक पालक घाबरतात, आणि काही कार्यकर्ते त्याच शब्दाने त्यांना घाबरवतातही. वास्तविक या कायद्यातली सक्ती सरकारवर आहे: सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला प्रवेश मिळाला पाहिजे, ते हजर राहिले पाहिजे, त्याने आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे केले पाहिजे, आणि हे घडवून आणणे शासनाचे काम आहे. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य कायद्यात सांगितले आहे, पण त्यासाठी त्याला शिक्षा नाही. एखाद्या पालावर जाऊन “शाळेत नाही घातलं तर पोलीस येतील” असे कुणी म्हणत असेल, तर ते खोटे आहे. आणि पारधी वस्तीवर पोलिसांचे नाव घेणे तर पाप आहे.

ते का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि इथे आपल्या मिशनच्या इतिहासालाही हात लावावा लागेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्माने गुन्हेगार ठरवले. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे करून निराळ्या ठिकाणी ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. १९११ च्या कायद्याने हे सगळे आपल्या मुंबई इलाख्यातही आले आणि मुले वेगळी करण्याची तरतूदही सोबत आली. हेतू काय सांगितला होता? मुलांचे भले. आईबापांची संगत सुटली की मुले सुधारतील. अशा वसाहती चालवण्याचे काम सरकारने ठिकठिकाणी मिशनांकडे सोपवले. उत्तरेत मुक्ती फौजेकडे, आपल्याकडे सोलापूरच्या सेटलमेंटचे काम अमेरिकन मराठी मिशनकडे. तिथे काम करणाऱ्यांपैकी अनेकांनी मनापासून सेवा केली, यात शंका नाही. शाळा होत्या, हातांना काम शिकवले जात होते. पण भोवती तारेचे कुंपण होते, हजेरी होती, आणि मुलांच्या शाळेबद्दल आईबापांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. आजच्या पारधी आजीआजोबांच्या आईबापांनी ते दिवस पाहिलेले आहेत.

मी त्या मुलीच्या बापाचा विचार करते तेव्हा मला हे सगळे आठवते. कागदावर नाव, गाव आणि अंगठा द्यायचा, मग मूल फाटकाच्या आत आणि आपण बाहेर. त्याच्या घराण्याला हे नवीन नव्हते. आम्हाला ते नवीन होते, कारण आम्ही हा इतिहास वाचला नव्हता.

याचा अर्थ निवासी शाळा वाईट असा मुळीच नाही. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांनी डोंगरदऱ्यांतील कित्येक मुलांना पहिल्यांदा पाटी दिली. आणि आपल्या जिल्ह्यात तर पाचगणी आहे. मोठमोठ्या शहरांतली ऐपतीची घरे आपली मुले तिथल्या निवासी शाळांत ठेवतात. ते आईबाप शाळा पाहायला येतात, खोल्या पाहतात, जेवण चाखतात, मुख्याध्यापकांना दहा प्रश्न विचारतात, दोन शाळा पाहून तिसरी निवडतात. त्यांना कुणी अनास्थेचे म्हणत नाही. उलट किती जागरूक पालक म्हणून कौतुक होते. तोच प्रश्न एखाद्या कातकरी बापाने विचारला, की माझ्या पोराला रात्री ताप आला तर कोण बघेल, तर आपण म्हणतो हा आडमुठा आहे. त्याला शाळा पाहायला नेण्याचा एसटीचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात नसतो. दप्तराचा असतो. मला वाटते आपल्या वाचकांनी या वर्षी आमच्याकडे आधी हा खर्च मागावा.

शास्त्राच्या अभ्यासात हन्नाची गोष्ट आपण बालशमुवेलाच्या बाजूने शिकवतो, रात्री हाक ऐकणाऱ्या मुलाची. ती आईच्या बाजूने वाचून पाहा. शिलोला मूल ठेवण्याचा निर्णय हन्नाचा होता. एली याजकाने मूल मागितले नव्हते. ती ते नवऱ्याशी बोलली आणि एल्कानाने तिला तुला बरे वाटेल तसे कर म्हणून तिच्यावर सोपवले. मूल दूध सोडेपर्यंत ती घरी थांबली, कुणी घाई केली नाही. मग ती स्वतः त्याला घेऊन गेली. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची बारीक नोंद: दर वर्षी ती मुलासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. त्यासाठी तिला मुलाची उंची लक्षात ठेवावी लागली असेल, वाढ अजमावावी लागली असेल. शिलोच्या दाराशी तिला कुणी ‘आज भेटीचा दिवस नाही’ असे म्हटल्याचे शास्त्रात नाही. देवाला वाहिलेले मूलही आईचेच राहिले.

आता अवघड भाग. आईबापांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द का? एका वस्तीवर तेरा वर्षांच्या मुलीची शाळा लग्नासाठी बंद करायची ठरली होती. तिथे आम्ही ‘तुमचा निर्णय’ म्हणून हात जोडून उठलो नाही, आणि उठायलाही नको होते. शिक्षणाचा हक्क मुलाचा आहे, बापाचा नाही. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न हा गुन्हा आहे. शिकायचे की नाही, हा निर्णय आईबापांच्या हाती कायद्याने ठेवलेला नाही. कुठे शिकायचे, घरी राहून की वसतिगृहात, कोणत्या माध्यमात, कामासाठी गाव सोडावे लागले तर मूल कुणाजवळ राहील, हे निर्णय त्यांचे आहेत. पण त्या मुलीच्या घरीही आमचा पहिला प्रश्न चुकला होता. आम्ही विचारले, “लग्न का करताय?” दुसऱ्या वेळी गावातली एक वयस्क आजी सोबत होती. तिने विचारले, “शाळेच्या वाटेवर काय होतं गं?” तेव्हा कळले की वाटेवर पोरे छेडतात आणि घरच्यांना इज्जतीची भीती आहे. मग वाटेचा बंदोबस्त झाला, चार मुली मिळून जाऊ लागल्या. लग्न दोन वर्षे पुढे गेले, आणि नंतर मात्र झाले. हे काम असेच अर्धेमुर्धे होते, अहवालात ते नीट बसत नाही.

स्थलांतराचा प्रश्न आमच्याकडे सर्वांत मोठा. सातारा आणि सांगली म्हणजे साखर कारखान्यांचे जिल्हे. दिवाळीच्या आसपास ऊसतोड टोळ्या येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे शाळेचे वर्ष नेमके मधोमध फाटते. अशा आईबापांपुढे दोन वाटा असतात. एक, मूल गावी ठेवणे. त्यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची सोय आहे, म्हणजे आईबाप बाहेर असतील त्या महिन्यांत मुलाच्या राहण्याजेवणाची व्यवस्था गावीच होते. दुसरी, मूल सोबत नेऊन कामाच्या गावी शाळेत बसवणे. त्यासाठी शिक्षण हमी कार्ड दिले जाते. ते दाखवून तिथल्या शाळेत मूल बसू शकते. कायद्याप्रमाणे शाळा बदलण्याचा मुलाला हक्क आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नसतो. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही. मूल दहा वर्षांचे असून कधी शाळेत गेले नसेल तर त्याला पहिलीत नव्हे, वयाच्या वर्गात बसवून वेगळे शिकवायचे असते. या गोष्टी मुकादमाने उचल देण्यापूर्वी, म्हणजे पावसाळ्यातच, घरात बोलल्या गेल्या पाहिजेत. टोळी गाडीत चढल्यावर कुणी काही ठरवत नाही. आणि ठरवताना एकाच घरातली दोन मुले दोन वाटांनी जाऊ शकतात. मोठा मुलगा आजीकडे, धाकटी आईसोबत. आम्ही पूर्वी यालाही विस्कळीतपणा म्हणत होतो.

माध्यमाबद्दल आईबाप हल्ली आम्हालाच गप्प करतात. पालावर पारधी बोली, शाळेत मराठी, आणि शिरवळ-लोणंदच्या कारखान्यांच्या फाटकावर इंग्रजीतले फलक. “आमच्या पोरांनी विंग्रजी शिकायचं नाही का?” असे एका बापाने विचारले. लहान मूल घरच्या भाषेत लवकर शिकते, आणि कायदाही शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असे सांगतो, हे आपण त्याला सांगावे. पण आपली मुले इंग्रजी शाळेत घालून हे सांगायला गेलो तर तो हसेल, आणि त्याचे हसणे रास्त आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर सुरुवात मराठी शाळेतच आणि बोली जाणणाऱ्या सेविकेच्या मदतीने व्हावी. पण ते माझे मत झाले, आणि त्याच्या ओट्यावर मी ते मत म्हणूनच मांडते.

एक जागा अशी आहे जिथे पालकांचा शब्द कायद्यानेच मोजला जातो आणि तिचा उपयोग सर्वांत कमी होतो. शाळा व्यवस्थापन समिती. सरकारी आणि अनुदानित शाळेत या समितीचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि आलेले अनुदान कसे खर्च होते ते पाहणे हे तिचे काम आहे. कागदावर वस्तीतल्या एखाद्या बाईचे नाव असते. सभा मात्र दुपारी बारा वाजता, म्हणजे तिच्या मजुरीच्या वेळी. मग वही घरी जाते आणि अंगठा येतो. पुन्हा अंगठाच.

हे अधिकार वापरायची वेळ कधी येते तेही सांगते. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता, आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांची कल्पना पुढे आली. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर पट कमीच असणार. समूह शाळेत शिक्षक अधिक मिळतील, सोबती मिळतील, हे खरे आहे. पण पहिलीतले मूल ओढा ओलांडून कसे जाईल हे त्या वाडीतली आई जाणते. राज्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असे म्हटले आहे. आपल्या शाळेबद्दल असे पत्र आले तर समितीने ठराव करावा, लेखी द्यावे. त्यासाठी आधी समितीतल्या बाईला ती समितीत आहे हे कळले पाहिजे.

म्हणून आमच्या गटांसाठी या तिमाहीचा पाठ थोडा वेगळा ठेवला आहे. प्रत्येक गटाने एका घरी जावे, काहीही वाटायला न नेता. दप्तर नाही, वह्या नाहीत. मुलाबद्दल तुम्हाला काय वाटते एवढेच विचारावे आणि आईचे उत्तर व बापाचे उत्तर वेगळे लिहून घ्यावे, कारण ती बहुधा वेगळी असतात. मुलालाही विचारावे. अर्ज भरायचा असेल तर ओळ न ओळ त्यांच्या भाषेत वाचून दाखवावी आणि अंगठा त्या दिवशी घेऊ नये, दुसऱ्या भेटीत घ्यावा. पहिल्या भेटीत होकार देणारे पालक अनेकदा आपल्याला वाईट वाटू नये म्हणून होकार देतात. निवासी शाळा ठरली तर प्रवेशाआधी आईबापांना ती दाखवून आणावी, आणि भेटीचे दिवस कोणते, फोन कुणाला करायचा, हे कळल्याशिवाय परत येऊ नये. पुढच्या सभेत प्रत्येकाने सांगावे की आपण मनाशी काय ठरवून गेलो होतो आणि ते कुठे बदलले. बदलले नसेल तर तेही सांगावे. त्या गटाशी मला पुन्हा बोलायचे आहे.

सुरुवातीला सांगितलेली मुलगी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. भाऊ अंगणवाडीतून पहिलीत आला. बाजाराच्या दिवशी ती अजूनही शाळा बुडवते, कारण त्या दिवशी आईला वखारीत जादा काम असते, आणि गणितात ती मागे आहे. तिची आई या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीत आली. पहिल्या सभेला ती गेली नाही, कांदा काटणी चालू होती. दुसऱ्या सभेच्या आधी ती मुख्याध्यापकांकडे गेली आणि सभा दिवस मावळल्यावर घ्या म्हणाली. सरांनी थोडा विचार करून होकार दिला. त्या संध्याकाळी नऊ पालक आले. वर्गातली वीज गेली होती, म्हणून सभा व्हरांड्यात मोबाइलच्या उजेडात झाली, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसवण्याचा ठराव आधी वाचून, मग सह्या घेऊन मंजूर झाला.